एकट्यांची वस्ती : इजिप्तच्या वाळवंटातले पहिले ख्रिस्ती संन्यासी

इसवी सन ३२४चा जून महिना. इजिप्तच्या फयूम भागातल्या कारानिस गावात इसिडोरस नावाच्या शेतकऱ्याच्या पिकात दुसऱ्या कुणाची तरी गाय शिरली. त्याने ती पकडली, तर मालक सोटे घेऊन अंगावर आले आणि त्याला बेदम चोपलं. त्याने सरकारदरबारी केलेला तक्रारअर्ज पपायरसवर आजही शिल्लक आहे. त्यात तो म्हणतो की डीकन (पाद्र्याचा मदतनीस) अंतोनिनस आणि 'मोनाखोस' इसहाक मदतीला धावले नसते, तर माझा निकालच लागला असता. ख्रिस्ती संन्याशासाठी 'मोनाखोस' हा शब्द वापरलेला, तारखेसह मिळालेला हा सर्वांत जुना दस्तऐवज मानला जातो. मोनाखोस म्हणजे एकटा. आणि इतिहासाला हा पहिला 'एकटा' सापडतो तो कुठे, तर गायीवरून पेटलेल्या गावच्या भांडणात!

हा विरोधाभास पुढची दोन शतकं पाठ सोडत नाही. जगापासून दूर जायला निघालेल्यांच्या मागोमाग जग चालत आलं, आणि त्यातूनच मठ नावाची संस्था उभी राहिली.

वाळवंटात कुणी जाण्याच्या आधीपासून चर्चमध्ये व्रतस्थ कुमारिका आणि विधवा होत्या. त्या घरातच किंवा गावातच राहून ब्रह्मचर्य, उपास, प्रार्थना करत. या साधनेला ग्रीक शब्द 'आस्केसिस', मूळचा मल्लांच्या मेहनतीचा. आपल्याकडे त्याला 'तालीम' म्हणणं सर्वांत जवळचं. 'तपश्चर्या' म्हटलं की वरदान, सिद्धी असं बरंच काही मागून येतं. या लोकांच्या डोक्यात मात्र आखाडा होता : रोजचा सराव, मोजका आहार आणि समोर प्रतिस्पर्धी म्हणून सैतान.

मग वाळवंटच का? नेहमीचं उत्तर असं की ३१३ नंतर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, हौतात्म्याची वाट बंद झाली, म्हणून उत्कट माणसांनी वाळवंटात रक्ताविना हौतात्म्य पत्करलं. हे अर्धंच खरं आहे. वाळवंटातल्या संन्याशांत सर्वांत गाजलेल्या अंतोनीने घर सोडलं ते त्याच्या चाळीसेक वर्षं आधी. दुसरं कारण अधिक मातीतलं आहे. 'अनाखोरेसिस', म्हणजे निघून जाणं, हा शब्द इजिप्तच्या सरकारी कागदपत्रांत आधीपासून होता आणि तो लागायचा कर न झेपल्यामुळे गाव सोडून पळालेल्या शेतकऱ्यांना. नाईलच्या काठची काळी सुपीक पट्टी संपली की पुढच्या पावलाला वाळवंट सुरू होतं. परागंदा व्हायची वाट सगळ्यांना ठाऊक होती. संन्याशांनी तिला नवा अर्थ दिला.

मराठी वाचकाला इथे बौद्ध भिक्खू आठवतीलच. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने इ. स. २००च्या सुमारास भारतातल्या श्रमणांचा आणि 'बुत्ता'चा, म्हणजे बुद्धाचा, उल्लेख केलेला आहे. पण नावं कानावर पडणं वेगळं आणि परंपरा उचलणं वेगळं. इजिप्तच्या मठांना इजिप्तमधलीच कारणं पुरेशी आहेत.

अंतोनीचा जन्म २५१च्या आसपासचा. खातंपितं शेतकरी घर, तीनशे आरोरा म्हणजे सुमारे दोनशे एकर जमीन. आईवडील गेले तेव्हा तो अठरा-वीस वर्षांचा होता आणि धाकटी बहीण पदरात. चर्चमध्ये 'परिपूर्ण व्हायचं असेल तर जा, आपलं असेल ते विकून गोरगरिबांना दे' हे वचन कानी पडलं आणि त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली केलं. (तिचं मत काय होतं, हे चरित्रकाराला लिहावंसं वाटलं नाही.) आधी गावाच्या वेशीवर, मग एका थडग्यात, मग नाईलपलीकडच्या ओसाड किल्ल्यात सुमारे वीस वर्षं. शेवटी लोकांनी दरवाजा तोडला. आत हाडांचा सापळा असेल असं वाटत होतं, तर धडधाकट माणूस बाहेर आला. पुढे तो तांबड्या समुद्राकडच्या डोंगरात गेला, तरी भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबली नाही. ३५६मध्ये तो वारला तेव्हा वय १०५ सांगतात. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने लगोलग चरित्र लिहिलं, त्याचे लॅटिन अनुवाद झाले आणि वाळवंटाचं लोण युरोपात पोचलं. 'संन्याशांमुळे वाळवंटाचं शहर झालं' हे त्या चरित्रातलंच वर्णन.

एक घोळ इथेच मिटवायला हवा. वसईत आणि गोव्यात ज्या संत अंतोनीची भक्ती चालते तो हा नव्हे. तो पदुआचा अंतोनी, पोर्तुगालात जन्मलेला फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला, १२३१मध्ये वारलेला. पण नात्याचा धागा आहे : त्याचं मूळ नाव फर्नांदो. कोइंब्राजवळच्या ज्या आश्रमात त्याने फ्रान्सिस्कन वस्त्र घेतलं तो इजिप्तच्या अंतोनीच्या नावाने होता, आणि तेच नाव त्याने धारण केलं.

अंतोनी एकांताचा, तर पाखोमियस संघाचा. रोमन सैन्यात सक्तीने भरती झालेला हा तरुण जन्माने ख्रिस्ती नव्हता. रंगरूट पळू नयेत म्हणून त्यांना कोंडून ठेवत. तिथे काही अनोळखी माणसं संध्याकाळी जेवण घेऊन आली. हे कोण, म्हणून विचारलं तेव्हा 'ख्रिस्ती' हा शब्द त्याला कळला. सुटका झाल्यावर बाप्तिस्मा, मग पालामोन या वृद्ध साधकापाशी उमेदवारी, आणि ३२०च्या दशकात वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमध्ये ताबेन्निसी इथे पहिला मठ. ३४६च्या साथीत तो गेला तेव्हा पुरुषांचे नऊ आणि स्त्रियांचे दोन मठ उभे होते. स्त्रियांच्या पहिल्या मठाची जबाबदारी त्याच्या बहिणीकडे, मारियाकडे होती.

त्याची व्यवस्था पाहिली की फौजेत घालवलेले दिवस वाया गेले नाहीत असं वाटतं. भोवती भिंत, आत वेगवेगळी घरं, प्रत्येक घरावर एक प्रमुख. चटया विणणारे, शिंपी, सुतार असे कामानुसार गट. जेवण एकत्र. नव्याने आलेल्याला अक्षरओळख नसेल तर त्याला शिकवायचंच, त्याची इच्छा नसली तरी. खेडुतांना सक्तीने वाचायला लावणारी अशी संस्था त्या काळात दुसरी शोधावी लागेल. मठांच्या स्वतःच्या होड्या नाईलमध्ये फिरत, माल विकून धान्य आणत. ४०४मध्ये बायबलचा अनुवादक जेरोम याने हे नियम लॅटिनमध्ये आणले.

उत्तरेकडे, अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला, नित्रियाचा डोंगर. इथली वस्ती सुरू केली आमूनने, जो अठरा वर्षं बायकोबरोबर ब्रह्मचर्याने एका छपराखाली राहून मग इथे आला. ३९०च्या सुमारास इथे आलेला पल्लादियस हा संन्यासी-लेखक सांगतो : पाच हजार माणसं, सात भटारखाने, वैद्य, मिठाई करणारे, आणि दारूही विकत मिळे. चर्चपाशी तीन खजुराची झाडं, प्रत्येकावर एक चाबूक टांगलेला. एक चुकलेल्या संन्याशासाठी, दुसरा चोरांसाठी, तिसरा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. पाहुण्याला आठवडाभर आराम, मग बागेत, भटारखान्यात किंवा स्वयंपाकघरात हात लावायचा. पाहुणा मातब्बर असेल तर त्याच्या हातात पुस्तक द्यायचं.

इतकी गर्दी झाल्यावर एकांत हवा असणाऱ्यांनी आणखी आत सरकून 'केल्लिया', म्हणजे 'खोल्या', वसवल्या. १९६०च्या दशकापासूनच्या उत्खननांत तिथे दीड हजाराच्या आसपास कुटींचे अवशेष सापडले. थोडक्यात, एकांताचीही वसाहत झाली!

याच केल्लियात इव्हाग्रियस राहिला. कॉन्स्टॅन्टिनोपलमधला हा हुशार पाद्री एका विवाहितेच्या प्रेमात पडून तिथून पळाला, जेरुसलेममधून इजिप्तला आला आणि ३९९मध्ये इथेच वारला. माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी त्याची. पुढे पोप ग्रेगरीने फेरफार करून तिची सात पापं केली. त्या आठांतला 'अकेदिया' मला सर्वांत खरा वाटतो. हा भर दुपारचा सैतान. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा बाहेर डोकावून जेवणाची वेळ झाली का पाहतो, ही जागा वाईट, हे काम वाईट, इथल्या कुणाला माझी कदर नाही, असं पुटपुटतो. ऑफिसात दुपारी तीन वाजता बसलेल्या कुणालाही यासाठी भाष्याची गरज लागू नये. त्यावर तोड काय, तर खोली सोडायची नाही. आणि हात रिकामे ठेवायचे नाहीत : खजुराच्या पात्यांच्या दोऱ्या वळायच्या, टोपल्या विणायच्या, विकून आलेल्या पैशात भाकरी आणि मीठ, उरलं तर दान.

वडीलधाऱ्या साधूला 'अब्बा' म्हणत, साधिकेला 'अम्मा'. सिंक्लेतिका, सारा, थिओडोरा या अम्मांची वचनं पुरुषांच्या वचनांबरोबर जपली गेली.

चर्चशी संबंध मात्र अवघडच राहिले. बिशपांना हे लोक हवे होते, कारण लोक त्यांचं ऐकत. अथनासियस आला तेव्हा पाद्रीपदाची दीक्षा गळ्यात पडेल या भीतीने पाखोमियस गर्दीत लपला. संन्याशाने बायकांपासून आणि बिशपांपासून दूर पळावं, हे वाळवंटातलं वाक्य कासियन या संन्यासी-लेखकाने पश्चिमेला पोचवलं. उलट ४१५मध्ये नित्रियाचे शेकडो साधू बिशप सिरिलच्या बाजूने अलेक्झांड्रियाच्या रस्त्यावर उतरले आणि एकाने रोमन अधिकाऱ्याचं डोकं दगडाने फोडलं. शेवटी ४५१मध्ये खाल्केदोन इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने मठ बिशपांच्या अधिकाराखाली आणले.

नित्रिया आणि केल्लिया आता ओसाड आहेत. शेजारच्या वादी नत्रूनमध्ये चार मठ अजून चालू आहेत. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या स्वतःच्या, चर्चचे बिशप आज साधूंमधूनच निवडले जातात. या चर्चच्या प्रमुखालाही पोपच म्हणतात; त्याच्या निवडीत अखेरच्या तीन नावांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि डोळे बांधलेलं एक मूल त्यातली एक उचलतं.