ट्रेलॉनीत पाणी मुरतं कुठे?

जमैकात एका गावाचं नाव होतं ‘मी नो सेन, यू नो कम’. तिथल्या बोलीतल्या या नावाचा अर्थ साधारण असा: ‘मी बोलावलं नाही, तू यायचं नाही.’ पुणेरी पाटीवर सहज खपून गेलं असतं. पण ही पाटी लिहिणाऱ्यांच्या जिवावर बेतलेलं होतं. १८१२ च्या सुमारास ट्रेलॉनी भागातल्या उसाच्या मळ्यांवरून डझनभर गुलाम पुरुष आणि काही बायका पळाल्या, दक्षिणेकडच्या डोंगरांत शिरल्या आणि त्यांनी हे गाव वसवलं. पुढे तिथली वस्ती पन्नास-साठपर्यंत गेली. १८२४ साली गोऱ्यांच्या शिबंदीने गाव संपवायचा प्रयत्न केला, तो फसला. १८३० च्या दशकात गुलामगिरी संपेपर्यंत ते टिकून राहिलं.

मळेवाल्यांकडे बंदुका होत्या, माणसं होती, पैसा होता. गावही काही शंभर कोसांवर नव्हतं. तरी ते हाती लागलं नाही, याचं निम्मं श्रेय तिथल्या माणसांना आणि निम्मं खडकाला द्यावं लागतं.

ट्रेलॉनी हा जमैकाच्या १४ ‘पॅरिश’पैकी एक. वसईकडे पॅरिशला धर्मग्राम म्हणतात आणि मूळ अर्थ तोच आहे, एका चर्चच्या आधाराने नांदणारा मुलूख. इंग्रजांनी जमैकात हीच विभागणी कारभारासाठी वापरली. पुढे चर्चचा संबंध सुटला, नाव राहिलं. आज पॅरिश म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी, पण आकाराने एखाद्या तालुक्याएवढं. ट्रेलॉनीचं क्षेत्रफळ सुमारे ८७५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७५ हजारांच्या घरात. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पश्चिमेच्या बाजूला हा पट्टा आहे. १७७० साली सेंट जेम्स पॅरिशमधून तो वेगळा काढला आणि त्या वेळचा गव्हर्नर विल्यम ट्रेलॉनी याचं नाव त्याला दिलं.

नकाशावर ट्रेलॉनीचे सरळ दोन भाग दिसतात. उत्तरेला किनारा आणि त्यामागची सखल, सुपीक जमीन. दक्षिणेला ‘कॉकपिट कंट्री’. कॉकपिट म्हटलं की आपल्याला विमान आठवतं. इथला शब्द त्याहून जुना आहे, कोंबड्यांच्या झुंजीचा आखाडा. मधे खोल खड्डा आणि चारही बाजूंनी चढत गेलेले उतार, असा हा प्रदेश पाहून इंग्रजांना तो आखाडा आठवला. मला विचाराल तर वरून पाहिल्यावर तो उपड्या-सुलट्या अप्पेपात्रांसारखा दिसतो. एक वाटी, एक उंचवटा, पुन्हा वाटी, असं मैलोनमैल.

हे अप्पेपात्र पाण्याने कोरलं आहे. जमैकाचा जवळपास दोन तृतीयांश भाग चुनखडीने झाकलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा भाग उथळ, उबदार समुद्राखाली होता. प्रवाळ, शिंपले आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव मरून तळाशी साचत गेले आणि त्यांच्या कवचांच्या चुन्याचे जाड थर तयार झाले. नंतर भूकवचाच्या हालचालींनी बेट वर उचललं गेलं आणि त्यावर पाऊस पडू लागला.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं. मातीत मुळं आणि जिवाणू श्वास सोडत असतात, तिथे त्यात आणखी भर पडते. असं पाणी किंचित आम्लधर्मी होतं, आणि चुनखडी आम्लात विरघळते. बोअरचं पाणी भरून ठेवलेल्या बादलीला आतून पांढरा थर बसतो ना, तो म्हणजे अशाच रीतीने विरघळलेले क्षार पाण्यातून पुन्हा बाहेर पडलेले असतात. कॉकपिट कंट्रीत ही क्रिया लाखो वर्षं, उष्ण प्रदेशातल्या धो-धो पावसात चालली आहे. खडकाला जिथे भेगा होत्या तिथे पाणी आधी शिरलं आणि भेगा रुंदावल्या. दोन-तीन भेगा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे खळगा पडला. खळग्यात माती साठली, ओल टिकली, झाडं वाढली, म्हणजे आम्लही वाढलं. त्यामुळे खळगा आणखी खोल होत गेला आणि मधली उरलेली चुनखडी शंकूसारखी उभी राहिली. अशा भूरूपाला कार्स्ट म्हणतात. कार्स्ट जगात बऱ्याच ठिकाणी आहे, पण शंकूंच्या कार्स्टचं वर्णन करताना भूगोलाचे अभ्यासक जमैकाचं नाव हमखास घेतात.

आपला सह्याद्री काळ्या बसॉल्टचा. तो फुटतो, झिजतो, पण असा विरघळत नाही. म्हणून घाटात पावसाळ्यात धबधबे कोसळतात, ओढे दुथडी भरून वाहतात. कॉकपिट कंट्रीत मुसळधार पाऊस होऊनही वर ओढा क्वचितच सापडतो. पाणी खळग्याच्या तळाशी एखाद्या बिळातून थेट खाली जातं. मराठीत ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हा संशयाचा वाक्प्रचार आहे. ट्रेलॉनीत ते साधं भौगोलिक वर्णन ठरतं.

आता यात बाहेरच्या सैनिकाला उभं करून पाहा. लाल कोट, जड बूट, पायाखाली कोयत्यासारख्या धारेचा खडक, भोवती दाट जंगल. एक टेकडी चढून जावं तर समोर तशीच दुसरी. प्यायला पाणी नाही. आणि प्रत्येक वाटीच्या कडेवर कुणीतरी बसलेलं असू शकतं. या भागाच्या एका तुकड्याला ‘लुक बिहाइंड’ म्हणजे ‘मागे बघ’ असं नाव पडलं, ते उगाच नाही.

इथे राहणाऱ्यांना मात्र पाण्याची ठिकाणं माहीत होती. त्यातलं एक तर झाडावरच असतं. अननसाच्या कुळातल्या ब्रोमेलियाड वनस्पती इथे फांद्यांवर आणि खडकांवर वाढतात, त्यांना तिथे ‘वाइल्ड पाइन’ म्हणतात. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचं पाणी साठतं. त्या तेवढ्याशा पाण्यात एक चिमुकला खेकडा संसार थाटतो. जगात हा खेकडा फक्त जमैकात आढळतो. पानांत साठलेलं पाणी आम्लधर्मी असतं, त्यात कॅल्शियम कमी, म्हणून पिल्लांची कवचं नीट तयार होणं अवघड. यावर आईने काढलेला उपाय थक्क करणारा आहे. ती गोगलगायींचे रिकामे शंख शोधून आणते आणि पाण्यात टाकते. शंखातला चुना विरघळतो, आम्लता उतरते, पिल्लांना कॅल्शियम मिळतं. कुजणारा पालापाचोळाही ती बाहेर काढते, म्हणजे पाण्यातला प्राणवायू कमी होत नाही. जे रसायन या डोंगरांना पोखरतं, तेच ही आई पानाच्या वाटीत पिल्लांसाठी राबवते.

माणसांच्या गोष्टीकडे परत येऊ. १६५५ साली इंग्रजांनी जमैका स्पेनकडून घेतलं. त्या गोंधळात स्पॅनिशांकडचे अनेक आफ्रिकी गुलाम डोंगरात गेले, पुढे इंग्रजांच्या मळ्यांवरून पळालेले त्यांना मिळत राहिले. हे ‘मरून’ लोक. पश्चिमेकडच्या मरूनांचा पुढारी कुजो. त्याच्याशी वर्षानुवर्षं लढून इंग्रज थकले आणि १७३९ साली तह करून मोकळे झाले. मरूनांना स्वातंत्र्य मिळालं, १,५०० एकर जमीन मिळाली. बदल्यात एक अट होती, यापुढे पळून येणारे गुलाम पकडून परत द्यायचे. हे कलम वाचताना आजही घशात काहीतरी अडकतं. पण अनेक वर्षं वेढ्यात राहिलेल्या माणसांचा हिशेब आरामखुर्चीत बसून करू नये, हेही खरं.

कुजोच्या गावाला पुढे ‘ट्रेलॉनी टाउन’ म्हणू लागले. नाव वाचून घोटाळा होतो. ते तहाच्या वेळचा गव्हर्नर एडवर्ड ट्रेलॉनी याच्यावरून पडलं, पॅरिशचं नाव तीस वर्षांनंतरच्या विल्यमवरून. शिवाय ट्रेलॉनी टाउनची जागा आज ट्रेलॉनीत नसून शेजारच्या सेंट जेम्समध्ये आहे!

१७९५ मध्ये दोन मरूनांना माँटेगो बेमध्ये फटके मारले गेले, तेही एका गुलामाच्या हातून, आणि ट्रेलॉनी टाउनने बंड केलं. खडकापुढे सैन्याचं पुन्हा काही चालेना. शेवटी क्यूबातून शिकारी कुत्रे आणले. त्यांच्या धास्तीने मरून बोलणी करायला तयार झाले. जनरल वॉलपोलने त्यांना बेटाबाहेर पाठवणार नाही असा शब्द दिला. गव्हर्नर बाल्करसने शरण येण्याची मुदत टळल्याचं कारण काढून तो मोडला. १७९६ साली पाचशेहून अधिक माणसांना जहाजात घालून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या थंडीत नेलं आणि १८०० मध्ये तिथून आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला. मळेवाल्यांना वाटलं, डोंगर मोकळा झाला. झालाच, पण पळणाऱ्या गुलामांसाठी. त्यांच्या पाठलागावर जाणारे सगळ्यात तरबेज लोकच इंग्रजांनी हाकलून दिले होते. ‘मी नो सेन’ वसलं ते यानंतर.

खाली सपाटीवर याच काळात साखरेचं राज्य होतं. ऊस तोडला की रस लवकर नासतो, म्हणून जवळपास प्रत्येक मळ्याचं स्वतःचं गुऱ्हाळ, चुलाणं आणि रम गाळायची भट्टी. ट्रेलॉनीच्या किनाऱ्यावरच्या फाल्मथ बंदरात एका वेळी तीसपर्यंत जहाजं लागत, असं सांगतात. ती साखर आणि रम घेऊन जात. त्या आधी काही जहाजांतून माणसं उतरलेली असत.

फाल्मथची एक गोष्ट मला फार आवडते. १७९९ साली या गावाला नळाचं पाणी होतं, न्यूयॉर्कच्या आधी. मार्था ब्रे नदीवर ‘पर्शियन व्हील’ बसवलं होतं. हे म्हणजे आपलं रहाटगाडगं. तिथून उचललेलं पाणी गावातल्या टाकीत येई. त्या चौकाला आजही ‘वॉटर स्क्वेअर’ म्हणतात. आणि ही मार्था ब्रे कुठून येते? कॉकपिट कंट्रीच्या पायथ्याशी विंडसर इथल्या गुहांमधून. डोंगरात मुरलेलं पाणी तिथे वर येतं. म्हणजे पळालेल्यांना लपवणारा डोंगर त्यांच्या मालकांचीही तहान भागवत होता.

डोंगर आणि सपाटी यांच्यात आणखी एक धागा होता, कंदाचा. गुलामांना पोसण्याचा खर्च वाचावा म्हणून मळेवाले त्यांना उसाला निरुपयोगी अशी डोंगराळ जमीन देत, तिथे आपलं अन्न आपण पिकवायचं. खळग्यांच्या तळाशी साठलेली लाल माती कंदांना मानवली. पश्चिम आफ्रिकेतला याम तिथे रुजला. आपल्या उंधियूत पडणारं कोनफळ याच प्रजातीकुळातलं. उरलेला माल रविवारच्या बाजारात विकला जाई. ‘मी नो सेन’ची माणसंही मळ्यांवरच्या लोकांशी असाच गुपचूप व्यापार करत.

३१ जुलै १८३८ च्या रात्री फाल्मथमध्ये एका शवपेटीत साखळी, चाबूक आणि गळ्यातलं लोखंडी कडं घालून ती पुरण्यात आली. बाप्टिस्ट मिशनरी विल्यम निब तिथे होता. १ ऑगस्टला जमैकातले गुलाम पूर्ण मुक्त झाले. मळेवाल्यांनी घरांची भाडी लावून त्यांना बांधून ठेवू पाहिलं, तेव्हा मिशनऱ्यांनी जमिनी घेऊन त्यांचे तुकडे मुक्त झालेल्यांना विकले. केटरिंग, रेफ्यूज अशी गावं त्यातून उभी राहिली. अनेक कुटुंबं डोंगराच्या कडेला सरकली, जिथे त्यांची कंदांची शेती आधीपासून होती. साखर उतरली, वाफेच्या बोटींना खोल बंदर हवं होतं आणि रेल्वे माँटेगो बेला गेली. फाल्मथ मागे पडलं. नवं बांधायला पैसा नव्हता म्हणून जुनी घरं वाचली आणि आज तीच बघायला मोठमोठी क्रूझ जहाजं येतात.

याम मात्र कुठे गेला नाही. ट्रेलॉनीत त्याचं पीक जमैकात सर्वाधिक आहे. १९९७ पासून आल्बर्ट टाउनला यामचा उत्सव भरतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शेरवूड कंटेंट या ट्रेलॉनीतल्या गावचा उसेन बोल्ट १०० मीटर ९.६९ सेकंदांत धावला, तेव्हा त्याच्या वडिलांनी श्रेय इथल्या यामला दिलं. शास्त्राच्या कसोटीवर ते टिकणार नाही, पण कुठल्या शेतकऱ्याला तो मोह आवरला असता? यामची एक अडचणही आहे. वेल चढवायला काठ्या लागतात आणि त्या जंगलातली कोवळी झाडं तोडून आणल्या जातात.

त्याहून मोठी भीती लाल मातीचीच आहे. तिच्यात ॲल्युमिनियमचं खनिज, बॉक्साइट, आहे. १९५० च्या दशकापासून जमैका ते निर्यात करतं. खाण म्हणजे खळग्यातली माती खरवडून नेणं. मग पाणी गाळून खाली सोडणारा थरच जातो. २०१७ साली सरकारने सुमारे ७५ हजार हेक्टर क्षेत्र खाणबंद म्हणून जाहीर केलं. पण कॉकपिट कंट्री नेमकी कुठे संपते, यावर अजून भांडण आहे. रेघेबाहेरच्या खळग्यात मुरलेलं पाणी रेघेच्या कुठल्या बाजूला वर येईल, हे नकाशा सांगत नाही.

वर आलेलं पाणी मार्था ब्रेमधून फाल्मथजवळच्या खाजणात पोचतं. खारफुटीच्या या उथळ पाण्यात पायरोडिनियम नावाचे एकपेशीय जीव प्रचंड संख्येने वाढतात. हात घातला, मासा सळसळला, की धक्का बसलेली प्रत्येक पेशी क्षणभर निळसर चमकते. कोकणात कधीकधी लाटा चमकतात, तो नॉक्टिल्युका नावाचा जीव वेगळा. फाल्मथला अंधार पडल्यावर होड्या निघतात. अमावास्येच्या आसपास गेलं तर जास्त छान दिसतं.