भूक लागली आहे की तल्लफ आली आहे?

पोटभर जेवलेल्या माणसाला तीच भाजी पुन्हा वाढायला जा, तो हात आडवा धरेल. त्याच क्षणी काही गोड समोर आलं तर मात्र ‘एवढंसं चालेल’ म्हणेल. दोन मिनिटांत पोटात नवी जागा झालेली नसते. जी चव खात आलो तिचा कंटाळा येतो, वेगळ्या चवीचा अजून आलेला नसतो. म्हणून ताटात प्रकार जितके जास्त, तितकं खाणं जास्त. ही भूक नव्हे, तल्लफ.

भूक ही शरीराची मागणी. जठर रिकामं झालं की तिथून घ्रेलिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) रक्तात वाढतं आणि मेंदूला खबर पोचते. भूक हळूहळू चढते, पोटात कावळे ओरडू लागतात आणि मग साधं अन्नही गोड लागतं. तल्लफ एका पदार्थाचं नाव घेऊनच येते. नुसता वास, कंटाळा, ताण, रोजची टीव्हीसमोरची जागा, एवढंही तिला पुरतं. समोर येईल ते चालणार असेल तर भूक, तोच एक पदार्थ हवा असेल तर बहुधा तल्लफ. ‘बहुधा’ मुद्दाम म्हणतेय, कारण कडकडून भूक लागलेली असताना तल्लफही जोर धरते.

भूक न वाढताही खाणं किती वाढू शकतं, हे संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या अमेरिकेतल्या प्रयोगात दिसलं. २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. हवं तेवढं खायची मुभा होती. पहिल्या प्रकारात ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, खाण्याचा वेगही जास्त होता. भूक किती लागली, पोट किती भरलं, याची त्यांनी दिलेली उत्तरं मात्र दोन्ही वेळी जवळपास सारखीच होती.

इथवर वाचून वाटेल की सगळा दोष तल्लफेचा. वजन कमी करू पाहणाऱ्यांवर अन्याय होतो तो नेमका इथे. चार महिने काटेकोर जेवणाऱ्याला रात्री स्वयंपाकघरात जावंसं वाटलं की आपण ‘मनावर ताबा ठेव’ म्हणतो. त्याला खरोखर भूक लागलेली असते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करतात. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहाराने लोकांचं वजन घटवलं. वर्षभरानंतर थोडं वजन परत आलेलं होतं, तरी घ्रेलिन सुरुवातीपेक्षा चढं आणि लेप्टिन उतरलेलंच होतं. भूकही आधीपेक्षा जास्त होती.

अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ मध्ये एका प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. त्यांच्यातले काही पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, दिवसभर डोक्यात अन्नच असायचं. नंतर भरपूर खायला मिळालं तेव्हा पोट तुडुंब भरूनही त्यांची भूक मिटेना. स्वतःहून प्रयोगात उतरलेली ही धडधाकट माणसं होती. त्यांना खादाड कोण म्हणेल?

तल्लफ आली तर पदार्थ नजरेआड ठेवावा, पंधरा मिनिटं थांबावं, ती पुष्कळदा ओसरते. भूक अशी ओसरत नाही, तिला जेवायलाच द्यावं लागतं. प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ जास्त असलेलं जेवण पोट अधिक वेळ भरलेलं ठेवतं. जेवण टाळून, वर भुकेला तल्लफ समजून दाबून ठेवलं की संध्याकाळी दोघी एकदम अंगावर येतात. झोप अपुरी पडली तरी खाणं वाढतं, हेही विसरू नये.

हे सगळं करूनही भूक आवरत नसेल तर डॉक्टरांशी बोलावं, त्यात लाज कसली. वजन घटवण्यासाठी दिली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधं भुकेवरच काम करतात. एका मोठ्या चाचणीत ते औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलं. माणसं तीच होती, फक्त त्यांची दबलेली भूक परत आली होती.