काउन्सिलचं घर म्हणजे म्हाडाचं घर नव्हे

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या बालपणाच्या आठवणी मराठीत आल्या, की ‘काउन्सिल हाउस’ या शब्दापाशी हमखास घोळ होतो. काउन्सिल म्हणजे तिथलं गावाचं किंवा शहराचं स्थानिक प्रशासन. कुणी ‘म्हाडाचं घर’ लिहितं, कुणी ‘सरकारी चाळ’, कुणी थेट ‘झोपडपट्टी पुनर्वसन’. ‘काउन्सिल इस्टेट’चं तर ‘नगरपालिकेची इस्टेट’ झालेलंही दिसतं. मराठीत इस्टेट म्हणजे जमीनजुमला, वडिलोपार्जित मालमत्ता. तिथे या शब्दाचा अर्थ नुसता ‘वसाहत’ एवढाच, आणि त्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाच्या नावावर वीतभरही जागा नसायची. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

म्हाडाचं घर वाचकाला पाठ आहे: जाहिरात, उत्पन्न गट, अनामत रक्कम, सोडत, देकार पत्र, बँकेचं कर्ज, ताबा, पाच वर्षं विकायची बंदी, मग सोसायटी आणि महिन्याचा मेंटेनन्स. यावर आणखी शब्द खर्च करायला नकोत. फक्त एक गोष्ट लक्षात असू द्यावी. म्हाडा 1977 ची. त्याआधीच्या हौसिंग बोर्डाच्या जुन्या वसाहतींत बऱ्याच खोल्या कामगारांना भाड्यानेच दिलेल्या होत्या आणि पुढे त्या राहणाऱ्यांच्या मालकीच्या झाल्या. ‘हौसिंग बोर्डाची खोली’ म्हणणाऱ्या पिढीला काउन्सिलचं घर चटकन कळतं. सोडतीच्या काळात वाढलेल्यांचा घोटाळा होतो.

किरकोळ फरक भराभर सांगून टाकू. म्हाडा राज्याची, काउन्सिल गावाची किंवा शहराची. म्हाडाची इमारत मजल्यांची. युद्धानंतरचं नमुनेदार काउन्सिल घर दुमजली, पुढे-मागे बाग असलेलं, एकमेकांना चिकटलेल्या दोन किंवा चार घरांपैकी एक. उंच टॉवर मुख्यतः 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे, त्यामुळे 1948 च्या आठवणीला टॉवरचं चित्र लावणं चूक. 1945 नंतर घरबांधणीचं खातं आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्याकडे होतं आणि तीन बेडरूमच्या घराला साधारण 900 चौरस फूट जागा हा त्यांचा आग्रह होता. 1951 नंतर गृहनिर्माणमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी वर्षाला तीन लाख घरांचं उद्दिष्ट 1953 मध्ये गाठलं, पण घरं आखडली. म्हणून एकाच वसाहतीत वरच्या गल्लीतलं घर ऐसपैस आणि खालच्या गल्लीतलं चिंचोळं असू शकतं.

आता खरा फरक. म्हाडाचं घर विकत घेतात. काउन्सिलचं घर भाड्याने मिळायचं आणि भाड्याचंच राहायचं. काउन्सिल घरमालक, कुटुंब भाडेकरू, संपलं. ‘त्यांना काउन्सिलचं घर लागलं’ असं वाक्य मराठीत वाचलं की पेढे वाटल्याचं चित्र उभं राहतं. आनंद तिथेही मोठा होता, कारण कित्येकांना पहिल्यांदाच स्वतंत्र न्हाणीघर आणि गरम पाण्याचा नळ मिळत होता. पण मिळाली होती ती किल्ली आणि भाड्याचं पुस्तक. मालमत्ता नव्हे.

हे भाड्याचं पुस्तक नीट समजून घ्यावं, कारण त्या आठवणींत ते पानोपानी येतं. भाडं महिन्याचं नाही, आठवड्याचं, कारण कामगाराचा पगार आठवड्याचा. पगाराच्या दिवशी घरातली बाई भाड्याचे शिलिंग आधी बाजूला काढून डब्यात टाकायची. ठरलेल्या दिवशी भाडं वसूल करणारा दारात यायचा, पैसे मोजून घ्यायचा आणि पुस्तकात रक्कम लिहून सही करायचा. या रकमेत बहुतेक ठिकाणी स्थानिक करही धरलेला असे. बऱ्याच काउन्सिल वर्षाचं भाडं 52 ऐवजी 50 किंवा 48 आठवड्यांत विभागून घ्यायच्या, त्यामुळे वर्षात दोन किंवा चार आठवडे, त्यातले काही नाताळच्या सुमारास, ‘बिनभाड्याचे’ निघायचे. याचं भाषांतर ‘काउन्सिलने सणाची सूट दिली’ असं करू नये. ते पैसे कुटुंबाने आधीच भरलेले असायचे.

दारात येणारा दुसरा माणूस गॅसच्या मीटरचा. त्याचा भाड्याशी संबंध नाही. मीटरमध्ये शिलिंगचं नाणं टाकायचं, तेवढाच गॅस मिळायचा. हा माणूस पेटी उघडून नाणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतायचा, मोजून चळती लावायचा आणि जास्त जमलेले पैसे परत द्यायचा. मुलांच्या आठवणीत ती परत मिळालेली नाणी असतात. अनुवादात भाडं घेणारा आणि हा माणूस एकच झाला, की काउन्सिल भाडं घेऊन त्यातलंच परत देत होती असा भलताच अर्थ निघतो.

भाडेकरू म्हटल्यावर मुंबईच्या वाचकाचा आणखी एक घोटाळा होतो. आपल्याकडे 1947 च्या भाडे कायद्याने भाडेकरू इतका पक्का केला, की पागडीची खोली जवळजवळ मालकीची वाटते: पागडी घेऊन दुसऱ्याला देता येते, मुलांच्या नावावर होते. काउन्सिलच्या भाडेकरूकडे 1980 पर्यंत कायद्याने यातलं काहीच नव्हतं. खाजगी भाडेकरूंचं संरक्षण करणारे कायदे काउन्सिलच्या घरांना लागू नव्हते. चार आठवड्यांची नोटीस देऊन काउन्सिल कोर्टात गेली, तर कारण सिद्ध करण्याचं बंधन तिच्यावर नव्हतं. भाडं थकवलं नाही आणि शेजाऱ्यांना त्रास दिला नाही, तर सहसा कुणी हात लावत नसे, पण तो रिवाज होता, हक्क नव्हता. त्या पिढीच्या आया भाडं थकू द्यायला का घाबरायच्या, हे एवढं कळलं की उलगडतं.

घर मिळायचं तेही चिठ्ठी काढून नाही. प्रतीक्षायादी होती आणि अनेक काउन्सिल गुण द्यायच्या: एका खोलीत किती माणसं, न्हाणीघर आहे का, संडास दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्यावा लागतो का, घरात क्षयरोगी आहे का, त्या गावात किती वर्षं राहता. सोडतीत नशीब लागतं. इथे हलाखी मोजली जायची. काही ठिकाणी काउन्सिलची बाई घरी येऊन बघून जायची, चूल आणि अंथरुणं किती स्वच्छ आहेत याची नोंद करायची, आणि त्यावरून कुटुंब नव्या वसाहतीत जाणार की जुन्या, हेही ठरायचं. ‘आईने त्या दिवशी पायरीसुद्धा घासली’ अशा वाक्याचं कारण हे.

मालकी नसल्याचा परिणाम घराच्या अंगावर दिसतो. दारांचा रंग काउन्सिल ठरवायची आणि काही वर्षांनी तिचे रंगारी येऊन सगळी गल्ली रंगवून जायचे. भाडेकरूंच्या माहितीपुस्तिकेत नियम असायचे: कुंपणाची झुडपं कापलेली हवीत, बाग ओसाड ठेवायची नाही, परवानगीशिवाय कोंबड्या, कबुतरं, शेड किंवा पोटभाडेकरू नाही. आपल्याकडे बाल्कनी बंद करून खोली वाढवतात तसं तिथे कुणी करत नसे, कारण भिंत काउन्सिलची.

दुरुस्तीचंही तेच. छप्पर, बाहेरच्या भिंती, गटार, खिडक्यांच्या चौकटी, पाणी आणि वीज-गॅसची जोडणी हे काउन्सिलचं काम, आणि 1961 च्या कायद्याने अशी जबाबदारी अल्प मुदतीच्या भाडेपट्ट्यांत घरमालकावर घातली. आतला रंग आणि भिंतीवरचा कागद भाडेकरूचा. म्हणून बाप-लेक मिळून भिंतीला कागद चिकटवतानाच्या आठवणी सापडतात, छपरावर चढल्याच्या सहसा नाहीत.

गरम पाण्याची व्यवस्था माहीत नसेल तर अर्धे प्रसंग कळत नाहीत. बैठकीच्या खोलीतल्या शेकोटीमागे लहानसा बॉयलर बसवलेला असे. शेकोटीत दगडी कोळसा पेटवला की तिथलं पाणी तापून नळीने वर चढायचं आणि वरच्या मजल्यावरच्या कपाटातल्या तांब्याच्या टाकीत साठायचं. त्याच कपाटात कपडे वाळत ठेवायचे. आंघोळ हवी तर उन्हाळ्यातही शेकोटी पेटवावी लागे. धोका थंडीत. नळ्या गोठलेल्या असताना शेकोटी पेटवली, तर तापलेल्या पाण्याला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि बॉयलर फुटू शकतो. बेडरूममध्ये मात्र बहुधा कसलीच ऊब नसे, म्हणून सकाळी खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी. ‘काउन्सिलवाले बाथटबमध्ये कोळसा ठेवतात’ हा त्या काळचा हिणवण्याचा शब्द होता. या घरांना कोळशासाठी वेगळी जागा असायची. हा टोमणा वस्तुस्थिती म्हणून मराठीत उतरवणं अन्यायाचं आहे.

1960 च्या दशकातल्या काँक्रीटच्या इमारतींत प्रश्न बदलला. काही ठिकाणी विजेची उष्णता फरशीखालून दिलेली होती आणि ती महाग पडायची, म्हणून लोक ती बंद ठेवून रॉकेलचा स्टोव्ह लावायचे. एक लिटर रॉकेल जळलं की सुमारे एक लिटर पाण्याची वाफ खोलीत येते. ती वाफ थंड काँक्रीटवर पाणी होऊन बसायची आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरायची. भाडेकरूला तक्रार करता यायची, पण उष्णतेची व्यवस्था बदलणं त्याच्या हातात नव्हतं.

मुलं मोठी झाल्यावरची गोष्टही वेगळी. काउन्सिलचं घर वारशाने वाटणीला येत नाही. 1980 च्या कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूनंतर नवरा-बायकोला, किंवा शेवटचं वर्षभर सोबत राहिलेल्या घरच्या माणसाला, भाडेकरूपण मिळायला लागलं, तेही एकदाच. लग्न झालेल्या मुलाला स्वतःसाठी यादीत नाव घालावं लागे. त्यामुळे ‘घरावरून भावाभावांत वाद’ हा आपला हुकमी विषय त्या आठवणींत शोधू नये. तिथे ‘आईबाबांच्या गल्लीत घर मिळेल का’ ही काळजी असते.

1980 चाच कायदा इंग्लंड-वेल्समध्ये घर विकत घेण्याचा हक्क घेऊन आला. तीन वर्षं भाडेकरू असलेल्याला किमतीत 33 टक्के सूट, पुढे दरवर्षी एक टक्का, कमाल 50. घर घेतलं की लोक पहिल्यांदा दार बदलायचे. एकसारख्या दारांच्या ओळीत एखादं पॉलिश केलेलं लाकडी दार दिसलं, की ते घर विकलं गेलंय हे अख्ख्या गल्लीला कळायचं. म्हाडाच्या घराशी तुलना करायचीच असेल, तर ती फक्त इथून पुढच्या, विकलेल्या घरांशी करावी.

तीही जपून. लंडनमध्ये घर शोधणारे मराठी लोक ‘एक्स-काउन्सिल’ फ्लॅटला म्हाडाचा रीसेल समजतात. पण इथे इमारत सोसायटीच्या हातात आलेली नसते. फ्लॅट दीर्घ भाडेपट्ट्यावर, बहुधा मूळ 125 वर्षांच्या, आणि इमारतीची मालक सहसा अजूनही काउन्सिल. छप्पर, लिफ्ट, बाहेरच्या खिडक्या यांचं काम तीच काढते आणि फ्लॅटधारकाला हिस्सा भरावा लागतो. एका फ्लॅटवर 250 पौंडांपेक्षा जास्त खर्च येणार असेल तर आधी 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्यातल्या कलम 20 ची नोटीस देऊन मत मागवावं लागतं, पण नकाराधिकार मिळत नाही. म्हणून व्यवहारापूर्वी वकिलाकडून चार गोष्टी लेखी मागवाव्यात: पट्ट्याची उरलेली वर्षं, मागच्या तीन वर्षांची सर्व्हिस चार्जची बिलं, चालू असलेली कलम 20 ची नोटीस, आणि छपराचं काम शेवटचं कधी झालं.