बारा बिटांची भिंत

एखाद्या महाविद्यालयात २४ पोर्टांचा, म्हणजे केबल लावायच्या २४ खाचांचा, एक नेटवर्क स्विच बसवला आहे आणि कार्यालयातले संगणक, प्रयोगशाळेतले संगणक व सीसीटीव्ही कॅमेरे असे सारे काही त्यालाच जोडले आहे, असे समजू. स्विच खोक्यातून काढून जसाच्या तसा लावला असेल, तर ही सगळी यंत्रे जणू एकाच दालनात बसलेली असतात. नव्याने सुरू झालेला संगणक ‘मला आयपी पत्ता कोण देईल?’ असे सर्वांनाच उद्देशून विचारतो आणि ही हाक, म्हणजे ब्रॉडकास्ट, स्विच प्रत्येक पोर्टावर पोहोचवतो. यंत्रे शेकड्यांनी वाढली की या हाकांचा गलका होतो हे खरेच. परंतु प्रयोगशाळेतल्या कोणत्याही संगणकावरून कॅमेऱ्याच्या लॉगिनपर्यंत जाता येते, ही त्याहून गंभीर बाब आहे.

प्रत्येक विभागाला स्वतंत्र स्विच घेणे हा यावरचा सरळ, पण खर्चिक उपाय. व्हीलॅनमध्ये, म्हणजे आभासी स्थानिक जाळ्यात (व्हर्च्युअल लॅन), तेच काम एका स्विचच्या पोटात होते. कार्यालयाचे पोर्ट १ ते ८ व्हीलॅन १० मध्ये, प्रयोगशाळेचे ९ ते १६ व्हीलॅन २० मध्ये आणि कॅमेऱ्यांचे १७ ते २२ व्हीलॅन ३० मध्ये, अशी वाटणी स्विचला सांगितली की १० मधली हाक २० मध्ये ऐकू जात नाही. अशा पोर्टाला ॲक्सेस पोर्ट म्हणतात. त्याला जोडलेल्या संगणकाला या वाटणीचा गंधही नसतो.

खरी गंमत दुसऱ्या मजल्यावरचा स्विच जोडताना आहे. दोन स्विचमधल्या एकाच केबलमधून तिन्ही व्हीलॅनची वाहतूक जायची, तर कोणती फ्रेम, म्हणजे माहितीचे पाकीट, कुणाची हे ओळखायचे कसे? आयईईई या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ८०२.१क्यू या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकाने त्यासाठी फ्रेममध्ये ४ बाइटांची चिठ्ठी घालण्याची सोय केली. पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यानंतर, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअर-पत्त्यानंतर, लगेच ही चिठ्ठी, म्हणजे टॅग, बसते आणि त्यामुळे इथरनेट फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट होते. पहिले २ बाइट ‘पुढे टॅग आहे’ एवढेच सांगतात. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ प्राधान्यासाठी असतात, १ बिट गर्दीच्या वेळी ही फ्रेम आधी टाकून द्यायला हरकत नाही हे सांगतो आणि १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक मावतो. बारा बिटांत ४०९६ क्रमांक बसतात, त्यांतले ० आणि ४०९५ राखीव असल्याने ४०९४ वापरता येतात. महाविद्यालयाला त्यांतले दहाही पुष्कळ झाले.

टॅग लावून वाहतूक नेणाऱ्या अशा पोर्टाला ट्रंक म्हणतात आणि त्यावरून कोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे याची यादी देता येते. काही स्विचवर या यादीत भर घालण्याची आज्ञा आणि यादी नव्याने लिहिण्याची आज्ञा यांत ‘ॲड’ या एकाच शब्दाचा फरक असतो. पाहुण्यांच्या वायफायसाठी व्हीलॅन ४० जोडताना मी एकदा तो शब्द विसरलो आणि १०, २०, ३० एका क्षणात यादीबाहेर गेले. वरच्या मजल्यावर ज्यांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, त्यांना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसू लागला. पत्ता देणारे कुणी सापडले नाही, की संगणक स्वतःच असा पत्ता घेतो. चूक सुधारायला गेलो तर वरच्या स्विचपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच ट्रंकवरून होती. अखेर थेट स्विचला जोडायची कन्सोल केबल घेऊन जिना चढावा लागला.

एवढे करूनही प्राचार्यांना आपल्या संगणकावर कॅमेरे पाहायचे असतातच. दोन व्हीलॅनमध्ये बोलणे व्हायचे तर मध्ये राउटर किंवा राउटरचेही काम करणारा लेयर-३ स्विच लागतो आणि प्रत्येक व्हीलॅनला आयपी पत्त्यांची वेगळी मालिका द्यावी लागते. मात्र नुसते राउटिंग चालू केले, तर तो सगळ्यांना सगळीकडे जाऊ देतो, म्हणजे भिंत बांधून दार सताड उघडे ठेवल्यासारखे होते. म्हणून राउटिंगसोबतच नियमही लिहायचे असतात: प्राचार्यांच्या संगणकाच्या पत्त्यावरून व्हीलॅन ३० कडे जाऊ द्यावे, व्हीलॅन २० मधून मात्र नाही.