पतंग नऊ, मोबाइल म्हणतो पाच

यवतमाळ जिल्ह्यात मामाची पऱ्हाटी, म्हणजे कापूस आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाला जो तडाखा दिला, तेव्हापासून मामा कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारे सापळे लावतो. सकाळी सापळ्यातले नर पतंग पांढऱ्या कागदावर झटकायचे, फोटो काढायचा, ॲप ते मोजून देते. एका सापळ्यात सलग 3 रात्री, दर रात्री 8 पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, असा दंडक. त्या दिवशी ॲप म्हणाले 5. मामाने काडीने मोजले, 9.

"आंधळं हाय का बाप्पा हे?"

आंधळे नव्हते. त्याच्यापर्यंत जेवढे पोहोचले तेवढे त्याने मोजले.

कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे नखाएवढी सिलिकॉनची चौकोनी चिप. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या आठवा. तसे कोट्यवधी चौकोन तिच्यावर आखलेले असतात. पावसाऐवजी प्रकाश पडतो, प्रकाशकण सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात, आणि कोणत्या बांधीत किती साचले ते आकड्यात लिहिले जाते. संगणकाला पतंग दिसत नाही, हे आकडे दिसतात. बांधी काठोकाठ भरली की पुढचा पाऊस वाया. मामाने फोटो काढला होता अर्ध्या उन्हात, अर्ध्या स्वतःच्या सावलीत. उन्हातल्या बांध्या तुडुंब, त्यामुळे पंखांची कडा कागदाच्या पांढऱ्यात विरघळली. सावलीतल्या इतक्या कोरड्या की खरा प्रकाश कोणता आणि सेन्सरची स्वतःची खरखर कोणती, हे कळेना.

रंगाचीही गंमत आहे. या बांध्यांना रंग ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येकीवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवतात, त्यातली निम्मी हिरवी. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना या रचनेचे पेटंट 1976 मध्ये मिळाले. प्रत्येक ठिकाणी एकच रंग मोजलेला असतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून भरलेले. पतंगाचा तो मातकट करडा रंग दोन तृतीयांश अंदाजच!

पण त्या दिवशीचा खरा घोळ भिंगाचा होता. भिंगाचे काम एवढेच, की पतंगाच्या एका ठिपक्यातून निघालेले किरण सेन्सरवरही एकाच ठिपक्यात गोळा करायचे. मामाने नीट दिसावे म्हणून मोबाइल अगदी टेकवत नेला. भिंगाला एका मर्यादेपुढे इतके जवळचे जमत नाही. ठिपक्याची चकती होते, चकत्या एकमेकींवर चढतात, आणि शेजारी पडलेल्या दोन पतंगांचा एक डाग होतो. असा डाग नंतर कोणत्याही हुशारीने खात्रीने सुटा करता येत नाही.

लांब जाऊनही चालत नाही, तेही हिशेबाने. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे सुमारे 4000 चौकोन असतात. 297 मिलिमीटरचा ए-फोर कागद फोटोभर बसवला तर 8 मिलिमीटरच्या पतंगाच्या वाट्याला शंभरेक चौकोन येतात. उभ्यानेच फोटो काढला आणि कागदाने चौथाईच रुंदी व्यापली, तर 25. त्यात पंख ओळखायचा की पालापाचोळा?

मग कागद धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली नेला, मोबाइल दीड वीत वर, सरळ धरला. आकडा आला 8.

"अन् नववा?"

नववा दुसऱ्या पतंगाच्या पंखाखाली दडला होता. मामाने काडीने तो बाजूला सारला आणि पुन्हा बटण दाबले.