आगंतुक उभयचरांचा जनुकीय उगमशोध

उभयचरांची एखादी जाती माणसाच्या हातून, जाणूनबुजून वा नकळत, मूळ प्रदेशाबाहेर पोहोचून तेथे स्थिरावली, तर ती कोठून आली हे डीएनएच्या तुलनेने ठरवण्याच्या पद्धतीस जनुकीय उगमशोध म्हणतात. जहाजी कंटेनरमधून किंवा कुंड्यांच्या मातीतून आलेल्या बेडकांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही, आणि लक्षात येईपर्यंत त्यांची बरीच वीण झालेली असते. त्यामुळे प्राण्याच्या शरीरातील पुरावाच बहुधा हाती उरतो.

त्यासाठी बोटाच्या टोकाचा किंवा बेडूकमाशाच्या शेपटीचा लहानसा तुकडा अल्कोहोलमध्ये जतन करून त्यातील डीएनए वेगळा काढतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमधील (मायटोकाँड्रियामधील) डीएनए केवळ आईकडून येतो, त्यात बदल लवकर साठतात आणि पेशीत त्याच्या प्रती पुष्कळ असल्याने संग्रहालयातील जुन्या नमुन्यांतूनही तो मिळू शकतो. त्याचा क्रम मूळ प्रदेशातील ठिकठिकाणच्या नमुन्यांशी पडताळला जातो.

मादागास्कर बेटावर मुळात भेक (इंग्रजीत टोड) कुळातील एकही जाती नाही. तेथील तोआमासिना या बंदराच्या परिसरात आशियाई भेक पसरल्याचे 2014 मध्ये जगापुढे आले. त्याच्या विषाला बेटावरील साप व इतर भक्षक सरावलेले नसल्याने ही बाब गंभीर ठरली. महाराष्ट्रात पावसाळ्यात अंगणातील दिव्याखाली किडे टिपणारा खरखरीत कातडीचा भेकही याच शास्त्रीय नावाने, डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस म्हणून, ओळखला जातो. हे नाव दक्षिण आशियापासून इंडोनेशियापर्यंतच्या, जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून बऱ्याच दूर गेलेल्या वंशशाखांना मिळून दिलेले असल्याने नुसत्या नावावरून उगम सांगणे शक्य नव्हते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मादागास्करमधील नमुन्यांत तंतुकणिकीय डीएनएचा एकच प्रकार आढळला आणि तो कंबोडिया व व्हिएतनाममधील नमुन्यांशी जुळला. म्हणजे संशयाची सुई भारताकडे नव्हे, तर आग्नेय आशियाकडे वळली.

मात्र एकच प्रकार सापडला म्हणजे एकच मादी आली, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल, कारण मूळ ठिकाणी तोच प्रकार सर्रास आढळत असेल तर अनेक माद्याही तोच घेऊन येऊ शकतात. शिवाय ज्या गावचा नमुना तुलनेत नाही, ते गाव उत्तरातही येत नाही. या पद्धतीची खरी मर्यादा प्रयोगशाळेत नसून मूळ प्रदेशातील अपुऱ्या नमुन्यांत आहे, असे म्हणावे लागते. नराकडून आलेला वारसा किंवा दोन ठिकाणच्या प्राण्यांचा संकर पाहायचा असल्यास केंद्रकीय डीएनएतील खुणाही तपासाव्या लागतात.

मॉरिशसमध्ये 1922 साली उसावरील भुंगेरे खाण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतून मुद्दाम वेगळ्या, आफ्रिकी जातीचे भेक आणले गेले. तेथील, जवळच्या रेयूनियन बेटावरील आणि केप टाउनमध्ये नंतर आढळलेल्या भेकांचा माग दक्षिण आफ्रिकेतीलच डरबन परिसराकडे नेणारा निघाला.

क्वचित हाच शोध आगंतुकपणाचा शिक्का पुसूनही टाकतो. इंग्लंडमधील नॉरफोकचे ‘तळ्यातील बेडूक’ (पूल फ्रॉग ही जाती) एकोणिसाव्या शतकात युरोपातून आणून सोडलेल्यांची प्रजा आहेत, अशी दीर्घकाळ समजूत असल्याने त्यांच्या रक्षणाकडे फारसे कोणी पाहिले नाही. 1990 च्या दशकात ते तेथून नाहीसे झाले. पुढे डीएनए, नरांचे आवाज आणि दलदलीत सापडलेली जुनी हाडे यांतून ते स्कँडिनेव्हियातील बेडकांचे सगोत्र व इंग्लंडचेच मूळ रहिवासी असल्याचे दिसून आले, तेव्हा 2005 पासून स्वीडनमधून त्याच वंशशाखेचे बेडूक आणून नॉरफोकमध्ये सोडण्यात आले.