डिझेल गाडीत पेट्रोल? चावीला हात लावू नका

टाकीचं झाकण लावताना लक्षात येतं, की डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलंय. पोटात गोळा येतो. पण पेट्रोल टाकीत नुसतं पडून आहे तोवर काहीच बिघडलेलं नसतं. बिघाडाची सुरुवात चावी फिरवल्यावर होते, आणि त्यासाठी इंजिन चालू व्हावंच लागतं असं नाही. बऱ्याच गाड्यांत इग्निशन ऑन होताच टाकीतला विजेवरचा पंप इंधन पुढे ढकलू लागतो. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला घ्यावी आणि मेकॅनिकला बोलवावं.

एवढी काळजी कशासाठी? डिझेल हे जळण आहे तसंच वंगणही आहे. आजच्या डिझेल इंजिनातला उच्च दाबाचा पंप इंधनाचा दाब २००० बारच्या आसपास नेतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास दोन हजार पट. यातल्या बहुतेक पंपांना वेगळं ऑइल नसतं. आतून वाहणारं डिझेलच घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून ठेवतं. पेट्रोल हा थर टिकू देत नाही. मग धातूवर धातू घासतो, बारीक कीस सुटतो आणि इंधनाबरोबर इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतो. तिथली छिद्रं जेमतेम दशांश मिलिमीटरची. न वापरलेलं इंधन टाकीत परत जातं, त्यामुळे कीसही तिथे जाऊन बसतो.

चावी फिरली नसेल तर काम सोपं: टाकी पूर्ण रिकामी करायची आणि ताजं डिझेल भरायचं. मात्र पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. नळी तोंडाने ओढून ते घरी काढण्याचा प्रयत्न कृपा करून करू नका. इंजिन चाललं असेल तर नळ्या धुऊन फिल्टर बदलावा लागतो आणि लाइनमधली हवा काढावी लागते. जुना फिल्टर उघडून आत चमकणारे कण दिसतात का, हे मेकॅनिकला आवर्जून बघायला सांगा. दिसले, तर पंप, इंजेक्टर, रेल (इंजेक्टरना इंधन पुरवणारी जास्त दाबाची नळी) असं सगळंच बदलण्याची वेळ येऊ शकते.

थंडीत डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडं पेट्रोल घालायची जुनी रीत होती. त्या काळचे पंप ते सोसायचे. आजच्या गाडीत तो प्रयोग नको. ‘थोडंच गेलंय, वर डिझेल भरून टाकू’ हा सल्लाही मी कुणाला देणार नाही.

उलटी चूक, म्हणजे पेट्रोल गाडीत डिझेल, कमी घडते, कारण डिझेलचं नोझल सहसा जाड असतं आणि पेट्रोल टाकीच्या अरुंद तोंडात शिरत नाही. तरी घडलीच, तर डिझेलची सहज वाफ होत नाही, ठिणगीने ते नीट पेटत नाही, स्पार्क प्लग काजळतात आणि गाडी धूर ओकत बंद पडते. यात पंप सहसा वाचतो. टाकी आणि नळ्या धुऊन प्लग साफ केले किंवा बदलले, की इंजिन बहुतेक वेळा पूर्ववत चालू लागतं.